टाकीतली ऊब

वरोऱ्याच्या पुढे, शेतांच्या कडेला टिनाच्या एका शेडमध्ये निशा बुरशी वाढवत होती. कुरखेड्याला तिच्या बापाच्या आवारात धानाच्या तणसाचा जुना ढीग आतून वाफाळायचा, त्यातली ही बुरशी. उन्हाळ्यापेक्षा जास्त ऊब मिळाली तरच जगणारी. स्टीलच्या टाकीत, कोंड्याच्या पातळ लापशीवर ती वाढायची आणि कागदाचा लगदा उजळ करणारं एन्झाइम सोडायची. फ्रीजमधलं राखीव बियाणं मागच्याच महिन्यात मेलं होतं. आता जे जिवंत होतं ते या टाकीत.

मे महिन्यातल्या त्या दुपारी वीज गेली. जनरेटर घरघरला आणि बसला. टाकीतलं ढवळणं थांबलं, हवेचा पंप थांबला. निशानं लाइनमनला फोन लावला.

"संध्याकाळपर्यंत नाई होत, मॅडम."

हवेवाचून बुरशी गुदमरणार होती. देवाजीभाऊ, तिचे वयस्कर ऑपरेटर, जनरेटरशी झटत राहिले. निशा टाकीला टेकून नुसती तापमापकाच्या काट्याकडे बघत बसली. काटा उतरणार, मग सगळं संपणार.

काटा चढला.

तिनं काचेतून आत डोकावलं. बंद टाकीतली लापशी सावकाश फिरत होती.

"भाऊ, जगली! जगली ना!" ती ओरडली.

देवाजीभाऊ दारात उभे होते. त्यांचे दात वाजत होते.

"बाई, मले थंडी वाजून राह्यली."

"या उन्हात? काऊन?"

त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. निशानं त्यांना ओढत बाहेर नेलं, तापलेल्या फरशीवर बसवलं, गोणपाट पांघरलं. त्यांचे हात माठासारखे गार होते. ओठ निळे पडत चालले होते. तिनं दवाखान्यात फोन लावला; गाडी निघाली म्हणे, पण यायला वेळ होता.

ती पळत आत गेली. काटा आणखी चढला होता.

बाहेरून देवाजीभाऊंचं कण्हणं आलं. काटा हलला. कण्हणं बारीक झालं. काटा पुन्हा हलला.

टेबलावर रिकामी बाटली होती. एवढीशी लापशी भरून घेतली असती तरी सात वर्षांची मेहनत वाचली असती. तिनं बाटली उचललीसुद्धा.

मग खाली ठेवली आणि टाकीचा तळातला व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.

तपकिरी लापशी फसफसत नालीत गेली, नालीतून नाल्यात. निशा भिंतीशी बसून हमसून हमसून रडली.

"बाई," बाहेरून हाक आली. "पाणी देता का? लय गरम होऊन राह्यलं."

देवाजीभाऊंच्या कपाळावर घाम होता. तिनं त्यांना पाणी पाजलं, पदरानं वारा घातला.

बऱ्याच वेळानं निशाची नजर नाल्यापलीकडच्या वस्तीकडे गेली.

ऊन अजून भाजत होतं. प्रत्येक अंगणात शेकोटी पेटली होती, आणि चादरी पांघरलेली माणसं जाळाला खेटून बसली होती.