ओपलच्या उशाचा दगड

"हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या," हार्लनकाका म्हणाले. ते आमच्या व्हरांड्यात अक्रोडासारखे पेकान फोडत बसले होते. माझं बाळ मांडीवर झोपलं होतं. "माझा जुना दोस्त रॉयस टिडवेल माझ्याशी कधी खोटं बोलला नाही. मासा केवढा होता ते सोडून."

माझा नवरा डॅरल हसला. काकाही हसले.

"रॉयस रोज संध्याकाळी नव्या पार्कचं फाटक लावायचा. जमीन पूर्वी त्याचीच. विकली, घरं झाली, ओढ्याकाठी फिरायला डांबरी वाट झाली. विकताना एवढंच म्हणाला होता, कोपऱ्यातली कबर सांभाळा. घेणारे हो म्हणाले."

"कुणाची कबर?" डॅरलने विचारलं.

"ओपलची. त्याची थोरली बहीण. सहा आठवड्यांची गेली. उशाला पांढरा गारगोटा, पायथ्याला बारका दगड, वर ओढ्यातले शिंपले. आपल्याकडे शेंबडं पोरही ओळखेल. पण जमीन सपाट करणारा यंत्रवाला परगावचा. तो नाव कोरलेला दगड शोधत होता. नाव कुठलं असायला? रॉयस तेव्हा दवाखान्यात. परत आला तर सगळं सपाट. झाडंसुद्धा नाहीत. दगड तेवढे फाटकाजवळच्या फुलांच्या वाफ्याला लावलेले. जागा कुठली, ते त्यालाही कळेना. त्याची आई दर मे महिन्यात तो गारगोटा स्वतः धुवायची रे..."

काकांनी पेकान खाली ठेवला.

"नोव्हेंबरातला, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीचा गुरुवार. पहिली कडक थंडी. रॉयस फाटक लावायला गेला. वाफ्यापाशी एक बाई वाकलेली. एकेक दगड चाचपत होती.

रॉयस म्हणाला, 'बाई, पार्क बंद झालंय. दगड घरी न्यायचे नाहीत हं.'

ती म्हणाली, 'लेकीच्या उशाचा शोधतेय.'

त्याला वाटलं, नव्या घरांतली कुणी असेल. बॅटरी लावली. बाई अनवाणी. अंगावर जुना एप्रन.

मान वर न करता ती म्हणाली, 'रॉयस, आजही मोजे नाहीत ना घातलेस?'"

मी बाळाचे पाय चादरीत घेतले.

"आई जाऊन तीस वर्षं झाली होती त्याची.

'बाळ कुठंय रे?' ती म्हणाली.

'आई... मला माहीत नाही.'

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं तो म्हणायचा. वळली. वाटेने चालू लागली. वाकून. हळू. डांबरावर हात फिरवत...

एका जागी थांबली.

आडवी झाली. कुशीवर.

बॅटरी विझली. पुन्हा लागली.

कुणी नाही."

"मग?" डॅरल हळूच म्हणाला.

"उजाडायच्या आत त्याने मला बोलावलं. गवत, वाट, सगळं दंवाने पांढरंफटक. वाटेवर एकच जागा काळी. कोरडी. रॉयसने वाफ्यातून गारगोटा उपसला, गुडघे टेकून तिथे उशाशी ठेवला आणि लहान पोरासारखा रडला. मी डांबराला हात लावला..."

"काय?"

"कोमट होतं."

काकांनी टोपी घातली. पायरीवर थांबून माझ्या मांडीवरच्या बाळाकडे बघत राहिले.

"रॉयसही गेला आता. पण कडक थंडीच्या सकाळी जाऊन बघा. सगळी वाट पांढरी होते. तेवढी जागा होत नाही. केवढीशी... कुशीत मावेल एवढी."