तिसऱ्या चेटकिणीचं नाक

मी त्या नाट्यगृहात गेले होते ती फक्त तीन काळे झगे पोचवायला. रंगपटात पाऊल टाकलं, तोच कुणीतरी मला खुर्चीत बसवलं.

"केवढा उशीर! आता हलू नका."

माझ्या नाकावर गार, चिकट काहीतरी येऊन बसलं.

"अहो, पण मी शिंपीण…"

"बोलू नका, डिंक वाळतोय."

हा रंगभूषाकार. सगळे त्याला 'पावडर' म्हणायचे. खऱ्या तिसऱ्या चेटकिणीचा घसा बसला होता, ती आलीच नव्हती. घोटाळा लक्षात आल्यावर पावडर कानापर्यंत लाल झाला. दिग्दर्शकसरांनी मात्र मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चारच वाक्यं आहेत. पाठ करशील?"

केली! आईने कपाळाला हात लावला. शिंपिणीची चेटकीण झालेली तिने कधी ऐकली नव्हती.

नाटक जुनं, दुःखान्त. शूर सेनापतीला माळावर तीन चेटकिणी भेटतात, 'तू राजा होणार' म्हणतात, आणि तो घरी पाहुणा आलेल्या राजाचाच जीव घेतो. पुढे सगळ्यांचा सत्यानाश.

प्रत्येक प्रयोगाआधी पावडर अर्धा तास मला कुरूप करत बसायचा. त्याचा श्वास गालाला लागायचा, आणि मी उगाच छताकडे बघायचे.

"त्या सेनापतीचं वाटोळं आम्हीच करतो का हो?" एकदा मी विचारलं.

"छे! राजा व्हायचं त्याच्या मनात होतंच. तुम्ही फक्त मोठ्यांदा म्हणता."

"आणि तुमच्या मनात काय आहे?"

ब्रश थांबला. "माझ्या… डोळे मिटा बघू. पापणीला रंग लावायचाय."

माझ्या पापणीला कधीच रंग नसायचा. तरी मी डोळे मिटले.

हळूहळू माझं नाक आखूड होऊ लागलं. हनुवटीवरची चामखीळ आधी वाटाण्याएवढी होती, आठव्या प्रयोगाला तिचा नाजूक तीळ झाला. मला आरशात दिसत होतं हो सगळं! पण मी कशाला बोलतेय?

नवव्या प्रयोगानंतर सर कडाडले. "ही चेटकीण आहे की नवरी? हिला बघून पुढची रांग शिट्ट्या मारते! चेटकिणींची भीतीच वाटली नाही, तर नाटकात उरलं काय?"

"भयानक असती तर सेनापती ऐकायला थांबला असता का, सर? पळत सुटला असता," पावडर म्हणाला.

"मला शिकवू नकोस! उद्या नाक जागेवर हवं. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी पावडरने तीनदा नाक चिकटवलं, तीनदा काढलं. शेवटी ब्रश खाली ठेवला.

"नाही होत माझ्याच्याने. सरांना सांगतो, दुसरा माणूस बघा."

म्हणजे हा जाणार… दुसरी कंपनी, दुसरं गाव. आणि तेही माझ्या नाकापायी! मला त्याचा राग आला, आणि तो इतका आवडतो हे त्या रागातच पुरतं कळलं. मी मेणाचा गोळा ओढला. हे लांबलचक नाक केलं, दोन चामखिळी डकवल्या, दात काळे केले आणि गर्रकन त्याच्याकडे वळले.

"कुठेही जायचं नाही. हे दाखवा सरांना!"

तो बघतच राहिला.

"घाबरलात?"

"हो."

"एवढी भयंकर दिसतेय?"

"नाकाला कोण घाबरतंय…" त्याचा आवाज अडखळला. "तू नाही म्हणशील, म्हणून घाबरलोय."

'तू'… पहिल्यांदाच! बाहेर घंटा झाली.

"विचारल्याशिवाय नाही कशी म्हणू?"

"लग्न करशील माझ्याशी?"

तेवढ्यात सर दारात डोकावले. "वा! याला म्हणतात चेटकीण!" आणि खूश होऊन निघून गेले. पावडरने मागे वळूनही पाहिलं नाही. तो माझ्याकडेच बघत होता, हातातला रंगाचा फडका पिळत.

"हो," मी म्हणाले, आणि सगळे काळे दात दाखवून हसले.