ठिणगी जरा उशिरा

उड्डाणपुलाच्या चढावर तिची स्कूटर एका जुन्या निळ्या गाडीच्या मागे अडकली होती. गाडीवाल्यानं जोर दिला की इंजिनातून एक बारीक आवाज यायचा — पत्र्याच्या डब्यात कुणी खडे हलवावेत तसा. दुसऱ्या कुणाच्या तो कानावरही गेला नसता. तिनं मात्र तो लगेच ओळखला. पूल उतरल्यावर सिग्नल लागला, तशी ती पुढे सरकली आणि तिनं गाडीच्या काचेवर टकटक केली.

काच खाली झाली. आत बाह्या दुमडलेला एक तरुण, आणि त्याच्या शेजारच्या सीटवर चिखलानं माखलेले गमबूट.

"गाडी बाजूला घ्या आणि बंद करा," ती म्हणाली. "पिस्टन फुटेल."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग सिग्नलकडे. "आपली ओळख...?"

"ती नंतर करू."

त्यानं मुकाट्यानं गाडी कडेला घेतली. आपण हे का ऐकलं, ते त्यालाही नीटसं कळलं नसावं.

तो जनावरांचा डॉक्टर होता. गाडी त्याच्या काकांची. काकांनी कधीकाळी तिच्यातून डोंगररस्त्याची शर्यत जिंकली होती. काका गेल्यावर दवाखाना सांभाळून त्यानं स्वतः इंजिन खोललं, त्यावर टर्बो बसवला. येत्या रविवारी तो त्याच शर्यतीत उतरणार होता, आणि ती शेवटचीच होती. रस्ता रुंद होणार होता, मग वळणं राहणार नव्हती.

तिचं कामच ट्यूनरचं होतं. मामांच्या गॅरेजमध्ये मामा इंजिनं खोलायचे आणि ती लॅपटॉप जोडून त्यांच्या ठिणगीची वेळ बसवायची. पिस्टन वर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. ती जितकी लवकर पडेल तितका जोर जास्त. पण टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबत असतो, त्यामुळे थोडी जास्तच लवकर पडली, तर आतला भडका वर येणाऱ्या पिस्टनवरच आदळतो. तेच ते खडे.

संध्याकाळी गाडी मामांच्या गॅरेजमध्ये आली. मामांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा डॉक्टरकडे, एकदा भाचीकडे, आणि त्यांना अचानक बाहेरचं काहीतरी काम आठवलं.

तिनं प्रत्येक ठिणगीसरशी लखलखणारा टायमिंगचा दिवा इंजिनावर धरला. त्याच्या उजेडात इंजिनाच्या पुढच्या टोकाला फिरणाऱ्या पुलीवरची पांढरी खूण अगदी जागेवर दिसत होती. लॅपटॉपवरचा आकडाही तोच. तरी गाडी रोलरवर चढवून जागच्या जागी पळवली आणि जोर दिला, की इंजिनाला जोडलेल्या हेडफोनमध्ये खडे वाजायचे. पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. तिच्या कपाळावर घाम आला. आपल्याला एखादं इंजिन समजत नाही, हे तिला फार लागायचं.

"एक विचारू?" तो मागून म्हणाला. "ताप उतरत नाही आणि गाय तर मजेत चरतेय, असं झालं की मी आधी थर्मामीटर बदलतो. ही खूणच खोटी असेल तर?"

ती वळली. इतक्या वेळात पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

मग त्यांनी स्पार्क प्लग काढला. त्या भोकातून त्यानं एक पातळ सळई पिस्टनवर टेकवली, ती वाकून पान्यानं इंजिन हातानं फिरवू लागली. सळई वर यायची थांबेल, तीच पिस्टनची खरी शेवटची जागा.

"हळू... अजून थोडं," तो म्हणाला. त्याचा आवाज तिच्या कानाशी होता. "अजून... थांबा."

ती थांबली. पाना धरलेला हात भरून आला होता, पण सोडवत नव्हता. दोघंही सळईकडे पाहत राहिले — जरुरीपेक्षा जरा जास्तच वेळ.

"डॉक्टर, तुमच्या बाहीचं बटण माझ्या केसांत अडकलंय," ती शेवटी म्हणाली.

"केसच माझ्या बटणात अडकलेत, ट्यूनरबाई. मी तर हललोही नाही."

पांढरी खूण खरोखरच खोटी निघाली. पुलीच्या दोन भागांमधलं रबर जुनं होऊन बाहेरची कडा सरकली होती. त्यानं गाडी जुळवताना त्याच खुणेवर भरवसा ठेवला होता, त्यामुळे प्रत्येक ठिणगी आधीच पडत होती. खरी जागा रंगवून तिनं वेळ पुन्हा बसवली. मग रोज संध्याकाळी, दवाखाना मिटला की तो यायचा. ती पुलीच्या फेरीतल्या एकेका अंशानं ठिणगी आधी आणायची, कानात प्राण आणून ऐकायची. तो भिंतीशी उभा राहून तिचा चेहरा वाचायचा. तिच्या भुवया जुळल्या की तोच 'थांबा' म्हणून हात वर करायचा, आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर असायचं.

शनिवारी तिनं लॅपटॉप मिटला. इंजिन जितकं देऊ शकतं तितकं सगळं काढून घेतलंय, असं त्याला सांगितलं. सांगताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

रविवारी ऊन कडक होतं. ती सुरुवातीच्या रेषेजवळ मामांसोबत उभी राहिली. निळी गाडी सुटली, पहिल्या वळणाआड गेली. तिथून पुढे फक्त आवाज. तो चढत गेला, गिअर बदलला, पुन्हा चढला... मग फट्ट झालं, आणि डोंगरावर एकदम शांतता पसरली.

मामा काहीतरी म्हणाले. ती तोवर रस्त्याच्या कडेच्या पायवाटेनं धावत सुटली होती. छाती फुटायची वेळ आली तरी थांबली नाही. आपण चुकलो का, कुठे चुकलो, एवढंच डोक्यात. डोळ्यांपुढे सारखं एक वळण आणि त्याखालची खोल दरी.

तो बॉनेट उघडून उभा होता. धडधाकट. टर्बोकडून इंजिनात हवा नेणारा पाइप निसटून लोंबत होता.

"क्लिप नीट आवळली नव्हती मी," तो ओशाळून म्हणाला. "तुमचं काम ठणठणीत आहे. अहो, रडताय काय?"

ती कठड्यावर बसली. धाप ओसरायला वेळ लागला.

"ठणठणीत नाहीये," ती म्हणाली. "मी ठिणगी दोन अंश उशिरा ठेवली होती. तुम्हाला सांगितलं नाही."

"इंजिन टिकलं नसतं म्हणून?"

"इंजिनाला ते सोसलं असतं." ती रस्त्याकडे बघत राहिली. "त्या वळणांवर तुम्ही तेवढ्या वेगात... मला नसतं सोसलं."

तो तिच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून बसला.

"म्हणजे पाइप टिकला असता तरी मी हरलोच असतो."

"बहुतेक."

"राग येतोय मला," तो हळूच म्हणाला. "काकांच्या शर्यतीची ही शेवटची वेळ होती. खरंच राग येतोय. आणि त्याच वेळी... बरंही वाटतंय. दोन्ही एकदम कसं होतं, कोण जाणे." त्यानं हात पुसले. "एक करा. यापुढे माझ्यासाठी घाबरलात, तर मला सांगून घाबरा."

"यापुढे? शर्यत तर बंद होतेय."

"शर्यतीचं कोण बोलतंय?"

तिचे कान तापले. ती उठून लोंबणारा पाइप हातात घेऊन पाहू लागली.

उरलेल्या गाड्या वर गेल्या, रस्ता मोकळा झाला. पाइप पुन्हा बसवून दोघांनी मिळून क्लिप आवळली. मग त्यानं चालकाच्या बाजूचं दार उघडलं आणि तिला आत बसायची खूण केली. काकांनंतर त्याच्याशिवाय त्या सीटवर कुणी बसलं नव्हतं.

तिनं गाडी सुरू केली. उताराला लागल्यावर त्यानं तिच्या हातावर हलकेच हात ठेवला.

"सावकाश घे," तो म्हणाला. "पुढचं वळण फसवं आहे."

तिनं सावकाश घेतलं. वळण मागे पडल्यावर तिच्या ध्यानात आलं, की तो 'घ्या' म्हणाला नव्हता. तिनं वळून पाहिलं नाही. गिअर मात्र आणखी एक खाली आणला — रस्ता जरा लांबावा म्हणून.