सरकारी फुगेवाली

सकाळी सव्वानऊला, औरंगाबादच्या स्टँडवर फुलंब्रीच्या एसटीत चढताना उमा पाठकच्या हातातलं खोकं तळातून फाटलं. निरोधची पाकिटं दारापासून मागच्या बाकापर्यंत पसरली. साल १९६९, दिवाळी नुकतीच झालेली.

"आरं, सरकारी फुगं!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळी गाडी हसली.

निरोध हे नाव भिंतीवरच्या जाहिरातीत होतं, कुणाच्या बोलण्यात नव्हतं. सरकार ते फुकट वाटायचं आणि घरोघर ते पोरंच फुगवायची, म्हणून 'सरकारी फुगा'. पुरुष हा शब्द थट्टेत वापरत. खरंच हवा असला की नुसती हनुवटी हलवत. बायका तेवढंही करत नसत. कुटुंबनियोजनाचं काम करत गावोगाव फिरणारी उमा मात्र 'सरकारी फुगा' दिवसातून दहादा म्हणे. त्याशिवाय समोरच्याला कळतच नसे.

ती वाकून पाकिटं गोळा करू लागली. शेजारी आणखी एक हात तेच करत होता. बाहीला खडूची पूड.

"एक तुमच्या चपलेखाली आहे," तो म्हणाला.

"तुम्हाला लाज नाही वाटत?"

"मास्तर आहे मी. बाकाखालून याहून वाईट गोष्टी काढतो."

वैजनाथ देशपांडे फुलंब्रीच्या शाळेत गणित शिकवायचा. उमानं पाकिटं पदरात घेतली.

"तुमची पोरं माझा माल वर्गात फुगवतात, मास्तर."

"कालच बरेच जप्त केलेत."

"मग परत करा."

"करतो. रोज एक."

"फुटलेले घेत नाही हं मी…"

"मग नुसताच भेटत जाईन."

त्याचे कान लाल झाले. गार वारा आत येत होता. न सांगता त्यानं तिच्या बाजूची काच ओढून घेतली.

संक्रांतीपर्यंत दोघांचा बाक ठरून गेला होता. मग एक दिवस वैजनाथनं विषय काढला.

"आईनं हळदीकुंकवाला बोलावलंय तुला. म्हणजे… बायका तुला बघून घेतील. पण तिची एक अट आहे. दवाखान्यात नोकरी, एवढंच सांगायचं. तो शब्द काढायचा नाही."

"काढला तर?"

"तर ती लग्नाला नाही म्हणेल."

"आणि तू?"

"मी…" एसटीचा भोंगा वाजला. उत्तर राहिलं.

वैजनाथच्या औरंगपुऱ्यातल्या घरात बायका दाटीनं बसल्या होत्या. वैजनाथची आई, यमुनाबाई, करंडा घेऊन फिरत होती. शेजारच्या लक्ष्मीबाईंनी विचारलंच, "काय गं, काम काय करतेस?"

"दवाखान्यात आहे ती," यमुनाबाई घाईनं म्हणाली.

उमानं एकदा तिच्याकडे पाहिलं.

"दवाखान्यात नाही. खेड्यापाड्यांत सरकारी फुगे वाटते."

कुणाची तरी बांगडी वाजली. लक्ष्मीबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई! सवाष्णींत हे काय बोलणं?"

"सवाष्णींनाच तर लागतात, काकू. कुमारिकांसाठी मी कशाला ओझं वाहू?"

कोपऱ्यात आशाबाई बसली होती. एक लेकरू मांडीवर, दुसरं पाठीशी, तिसरं पोटात. ती फिस्सकन हसली आणि लगेच खाली बघू लागली.

यमुनाबाईनं ओळीत सगळ्यांना कुंकू लावलं. उमापाशी आल्यावर हात मागं घेतला.

"तू नीघ आता."

उमा उठली. दारात वैजनाथ उभा होता. हळदीकुंकवाच्या खोलीत पुरुष जात नाहीत. तो सरळ आत आला.

"आई, ही सरकारी फुगे वाटते. रोज एसटीत मीच ते खोकं मांडीवर घेऊन बसतो. लग्न करीन तर हिच्याशीच."

"वैजू, शब्द तरी नीट वापर!"

"हाच नीट आहे. सगळ्यांना कळला बघ."

उमानं त्याच्याकडे पाहिलं. कान परत लाल झाले होते… पण आवाज हलला नव्हता.

"मला विचारलंस का आधी?" ती हळूच म्हणाली.

"आता विचारतो."

"बायकांसमोर?"

"तू त्यांच्यासमोर एवढं बोललीस. मी एवढंही नको?"

"हो," उमा म्हणाली. खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

रथसप्तमीच्या दिवशी वैजनाथचे वडील दत्तोपंत उमाच्या वडिलांना भेटले आणि लग्न ठरवून, त्यांच्याकडचा चहा पिऊन आले. आशाबाईनं आपल्या जावेला उमाकडे सरकारी फुगे आणायला पाठवलं. यमुनाबाई दोन्ही घरांतल्या कुणाशी या लग्नाविषयी अजून बोललेली नव्हती.