खाली बघायचं नाही

दुपारचे अडीच वाजले होते, हे आधीच सांगून ठेवतो. असल्या गोष्टींना म्हणे मध्यरात्र लागते. पण छत्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाकडे भूतसुद्धा कार्यालयीन वेळेतच येणार.

शुगरने माझ्या डाव्या पायाची आधी करंगळी नेली आणि वर्षभराने गुडघ्याखालचा सगळा पाय. त्याच्या जागी बनवलेला पाय मिळाला. चालायला शिकवणाऱ्या बाई भलत्याच कडक. लांबट खोली, बाजूला धरायला दोन दांड्या, टोकाला भिंतभर आरसा. बाई लादीवर खडूची भुकटी पसरायच्या आणि मला अनवाणी चालवायच्या, म्हणजे वजन कुठे पडतं ते उमटायचं. रबरी पावलाला बोटं नाहीत. त्याचा ठसा इस्त्रीसारखा.

"आजोबा, खाली बघायचं नाही. पाय आहे की नाही ते तपासत बसलात की पडलात."

"बाई, छत्तीस वर्षं साहेबासमोर खालीच बघत होतो. सवय सुटायला वेळ लागणार."

त्या दिवशी माझी परीक्षा होती. लेकीने माझी सोय तिच्या घरी करून टाकली होती. मागची खोली, पलंग आणि उशाशी घंटी.

"काही लागलं की वाजवायची, बाबा."

"काठीशिवाय वीस पावलं चाललो, तर मी माझ्या घरी जाणार. एकटा."

"आणि पडलात तर?"

"तर जन्मभर घंटी वाजवीन."

बाई ताजी भुकटी पसरून लेकीला बोलवायला गेल्या. कापलेल्या पायाच्या खुंटावरचा मोजा चुरगळून टोचत होता, म्हणून मी दाराजवळच्या बाकावर बसून पाय काढला आणि बाकाला टेकवून ठेवला. मोजा सारखा करतोय, तेवढ्यात वीज गेली. पंखा कुरकुरत थांबला. जाड पडद्यांमागून राखाडी उजेड तेवढा येत राहिला. खडूचा कोरडा वास होता. त्यात हळूहळू दुसरा मिसळला... ओल्या बँडेजचा. तो विसरायला मला चार महिने लागले होते.

मग आरशाच्या बाजूने आवाज आला.

थप्...

अनवाणी पाऊल. मग एका पावलाएवढी शांतता. पुन्हा थप्... एकच पाय पडत होता. दुसरा पडायला हवा तेव्हा काहीच नाही.

"कोण आहे?"

थप्... आणखी जवळ. थप्... अगदी बाकापाशी.

घाबरलो का? घाबरलो. पण त्याहून जास्त चिडलो. माझ्या परीक्षेची भुकटी कुणीतरी तुडवत होतं!

"अहो, बाजूने जा की! दिसत नाही का?" म्हणत मी ताडकन उठलो आणि तरातरा आवाजाच्या दिशेने गेलो. मी उठताच आवाज थांबला होता. मी आरशापर्यंत पोचलो.

आरशात मी होतो. माझ्या मागे, लांब, बाक होता. आणि बाकाला टेकून माझा पाय उभा होता.

माझ्या पॅन्टचा डावा पाय गुडघ्याखाली रिकामा लोंबत होता. वारा नव्हता, तरी किंचित हलत होता. मी मात्र ताठ उभा होतो. दांडीला हातही न लावता.

मान खाली जायला लागली. तिला मी निकराने आवरलं. खाली बघायचं नाही... डाव्या बाजूला लादीचा गारवा लागत होता. चार बोटांना. करंगळीच्या जागी काही नव्हतं.

"हे बघ," मी हळूच म्हणालो, "इतकी वर्षं तुला वागवलं. गेलास... रजेचा अर्जही न देता. ते राहू दे. आता मला बाकापर्यंत सोड. मी पडणार नाही. तुझ्यामुळे तर मुळीच नाही."

वळलो. समोर बघत अकरा पावलं चाललो आणि बसलो. मगच खाली पाहिलं. रिकामी पॅन्ट. पाय चढवला.

वीज आली, बाई आणि लेक आत आल्या. बाई उंबऱ्यातच थांबल्या.

"यावरून कोण चाललं?" त्या वाकल्या. "ही दोन पावलांची रांग गेली आणि परत आली. पण ही... आरशाकडून आलेली... नुसता डावा पाय. चारच बोटं..." त्या बाकापर्यंत आल्या. "इथवर आलेला दिसतो. परत गेलेला कुठे दिसत नाही."

"बाबा?" लेकीचा आवाज बारीक झाला.

"बाई, परीक्षा घ्या," मी म्हणालो आणि उठलो. काठीशिवाय चोवीस पावलं चाललो. चार त्यांना दाखवायला जास्तीची.

आता मी माझ्या घरी आहे. एकटा, असं आपलं म्हणायचं. दाराआड माझी जुनी डावी चप्पल पडून असते. बनवलेला पाय तिच्यात मावत नाही, म्हणून मी ती कधीच घालत नाही. गेल्या आठवड्यात चांभाराकडे नेली. तो उलटसुलट करून म्हणाला, "काका, फार चालता हो तुम्ही! टाच पार झिजली."

"नवी लाव," म्हटलं. "घरात राहायचं तर नीट राहावं त्यानं."