स्टेट स्ट्रीटखालची चौकशी

"अहो नागपूर... एक मिनिट! यांना जरा सांगता का, मी साधासुधा माणूस आहे म्हणून?"

मी दचकून मागे पाहिलं. शिकागोच्या ऐन मध्यात, स्टेट स्ट्रीटच्या खाली, वॉशिंग्टन नावाच्या भुयारी स्टेशनात मला 'अहो नागपूर' म्हणणारा कोण? खांबाजवळ एक उंच, सावळा मुलगा उभा होता. हातात लांबलचक स्टीलची टेप, गळ्यात कॅमेरा आणि दोन्ही बाजूंना एकेक पोलीस. माझ्या डब्याच्या पिशवीवर नागपुरातल्या सीताबर्डीच्या साडीच्या दुकानाचं नाव मोठ्या अक्षरांत छापलं आहे, ते त्याने वाचलं होतं.

२००६ साल होतं, अकरा सप्टेंबरच्या हल्ल्याची धास्ती अजून गेली नव्हती. आपल्यासारखा दिसणारा मुलगा सबवेचे खांब मोजतोय आणि फोटो काढतोय म्हटल्यावर पोलीस चौकशी करणारच. मी नकारार्थी मान हलवली आणि खरं तेच सांगितलं.

"आय डोन्ट नो हिम."

"थँक्स हं," तो मराठीत पुटपुटला. शेवटी परवानगीचा कागद त्याच्या बॅगेच्या तळाशी सापडला, पोलीस 'हॅव अ गुड डे' म्हणून निघून गेले आणि तो घाम पुसत माझ्याकडे वळला.

"श्रीरंग. सांगलीचा. आर्किटेक्चर करतोय इथे. तुम्ही कुठे राहता? एकट्याच? जॉब कुठे?"

एका दमात तीन प्रश्न! माझ्या मनात पाल चुकचुकली.

कारण सांगते. आदल्याच रविवारी आईचा नागपूरहून फोन आला होता. "नीलू, तिकडच्याच ट्रॉय गावच्या राजीवचं स्थळ आहे. कार कंपनीत आहे, घर चांगलं आहे. ते म्हणे तिकडच्या कोणाकडून तरी चौकशी करून राहिले. तुला कळणारसुद्धा नाही. तेवढी नीट राहशील, बाई."

आता आपल्याकडे स्थळाची चौकशी होतेच, त्यात नवीन काही नाही. पण मागच्या वर्षी एका स्थळाने चक्क माझ्या अमेरिकन बॉसला फोन करून माझा स्वभाव विचारला होता. बॉसला वाटलं मी नोकरी सोडतेय! दुधाने तोंड पोळलं होतं, आता ताक फुंकून पिण्याशिवाय इलाज नव्हता. मुळात मी संशयी. दूधवाला जास्त हसला तरी मी दुधात पाणी शोधते. इथे तर एक मराठी मुलगा नेमका माझ्याच वाटेवर टेप पसरून बसला होता.

मी शहराबाहेर शॉमबर्गला राहायचे, रोझमॉन्टपर्यंत ड्राइव्ह करायचे आणि तिथून ब्लू लाइनच्या गाडीने यायचे. वॉशिंग्टनला उतरून जिन्याने खाली, तिथल्या पादचारी बोगद्यातून पलीकडे, पुन्हा जिना चढून रेड लाइनवर आणि मग ग्रँड स्टेशनजवळच्या ऑफिसला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दोन स्टेशनं पुढे, जॅक्सनपर्यंत गेले. तिथल्या बोगद्यातून रेड लाइनवर येते, तर हा तिथेही हजर!

"तुम्ही माझ्या मागे आहात का?" मी सरळच विचारलं.

"मी?" तो हसला. त्याच्या डाव्या गालावर खळी पडते, हे मी नाइलाजाने पाहिलं. "अहो, स्टेशनं चार आहेत, पण प्लॅटफॉर्म एकच आहे. लेकपासून वॉशिंग्टन, मन्रो, जॅक्सनपर्यंत सलग. मी त्या टोकापासून मोजत इथे पोचलो. तुम्हीच माझ्या प्लॅटफॉर्मवर आलात."

उत्तर बरोबर होतं. म्हणूनच मला ते जास्त संशयास्पद वाटलं.

मग मी ठरवलं, पळायचं कशाला? चौकशी हवी ना, घ्या चौकशी! असा रिपोर्ट जाऊ दे ट्रॉयला, की पुन्हा नाव काढणार नाहीत. तिसऱ्या दिवशी मी आपण होऊन त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. वर पाऊस होता. ओल्या कोटांचा आणि लोखंडाचा वास प्लॅटफॉर्मभर पसरला होता.

"स्वयंपाक येतो का हो तुम्हाला?" थोड्या वेळाने तो म्हणाला. आलास ना लायनीवर!

"छे! फ्रोजन पिझ्झा. तोही कधीकधी जाळते."

"सणावाराला तरी—"

"गणपतीला चिकन खाल्लं होतं मी. आणि सासूबरोबर राहणं मला जमायचं नाही. सुट्टीच्या दिवशी मी बाराशिवाय उठत नाही. रागावले की भांडी फेकते."

"काचेची?"

"हाताला येतील ती!"

गाडी धडधडत आली. तिच्या वाऱ्याने माझे केस तोंडावर आले, ते बाजूला करून पाहिलं तर तो खो खो हसत होता. "आवाजात शेवटचं ऐकू आलं नाही. पुन्हा सांगता?" मीही हसले... काय करणार, हसूच आलं.

त्यानंतर रोज सकाळी एक-दोन गाड्या मी सोडून द्यायला लागले. तो मला टेपचं टोक धरायला द्यायचा आणि मोजत मोजत दूर जायचा. पोलादी पट्टी ताणली गेली की तिकडून त्याने हात हलवला तरी माझ्या बोटांना कळायचं. परत येताना तो एखादी गोष्ट घेऊन यायचा.

"हे उघडलं त्रेचाळीस साली. महायुद्ध चालू होतं. वर रेशन आणि खाली हे नवंकोरं स्टेशन. यातले काही बोगदे माणसांनी हातांनी माती कापत खणलेत. निळी चिकणमाती आहे खाली."

"आणि तू ते मोजतोस कशाला?" मी 'तू' कधी म्हणायला लागले, मलाच कळलं नाही.

"वर नवीन बांधकाम चाललंय ना, त्यासाठी रेड लाइनचं हे स्टेशन बंद करणार आहेत. आपला तो खालचा बोगदाही. सोमवारपासून गाडी इथे थांबणारच नाही. जाण्याआधी कोणीतरी नीट बघून ठेवायला हवं, असं वाटतं मला."

तो हे खांबाकडे बघत म्हणाला. हा गुप्तहेर मला आवडायला लागला होता. अवघडच होतं सगळं! माझ्याकडे बघतो तो स्वतःसाठी की राजीवसाठी? डोळ्यात डोळे घालून थांबतो... ते निरीक्षण की आणखी काही? माझी रूममेट ज्ञानदा म्हणाली, "यार, डायरेक्ट विचार ना!" पण विचारलं आणि तो 'हो, राजीव माझा मित्र' म्हणाला असता तर?

शुक्रवारी सकाळी मी रेड लाइनकडच्या जिन्यावर होते, तिथे वरच्या पायऱ्यांवर मोबाइलला रेंज यायची. आईचा फोन.

"नीलू! त्यांचा होकार आला! येत्या रविवारी ते शॉमबर्गला येऊन राहिले, साखरपुड्याचंच बोलायला. रिपोर्ट इतका छान गेला म्हणे, मुलगी शांत, कामाला वाघ. त्यांना आजच सांगायचं आहे. हो म्हणू ना?"

"आई... पाच मिनिटांत करते फोन."

मी तशीच खाली धावले. श्रीरंग टेप गुंडाळत होता. शेवटचं माप झालं होतं.

"खोटारडा!" मी ओरडले. दोन माणसं वळून पाहायला लागली. "एवढं सगळं सांगूनही चांगला रिपोर्ट दिलास? मला ट्रॉयला पाठवायची एवढी घाई झाली होती तुला?"

"ट्रॉयला? कोण... कसला रिपोर्ट?"

"राजीवसाठी माझी चौकशी करत होतास ना? शांत आहे म्हणे! कामाला वाघ—"

मी मध्येच थांबले. कामाला वाघ. हे शब्द मी आधी ऐकले होते. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी पुरणपोळ्या लाटत होते, तेव्हा शॉमबर्गच्या शोभाकाकू शेजारी बसून म्हणाल्या होत्या, 'कामाला अगदी वाघ आहेस हो!' आणि शोभाकाकूंची बहीण ट्रॉयला असते.

करायला गेले गणपती, झाला मारुती. मी सगळं सांगून टाकलं, अगदी पहिल्या दिवसापासून. तो ऐकत राहिला. एक गाडी आली, गेली. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे पुरणपोळ्या येतात तुला."

"येतात."

"गणपतीला चिकन..."

"नाही खाल्लं."

"मग मी ज्या मुलीसाठी रोज पहाटे उठून इथे येतोय... माझी मापं तर मागच्या आठवड्यातच संपली होती, नीलांबरी... ती मुलगी नव्हतीच?" त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आता संशय होता, माझाच. "आणि हे आत्ता सांगतेयस, ते कोणाचा रिपोर्ट बिघडवायला?"

 आयुष्यभर मी लोकांवर संशय घेतला, पण कोणी माझ्यावर घेतला की किती लागतं, ते तिथे उभं राहून कळलं. डोळे भरून आले.

"वर चल," मी म्हणाले. "माझ्यासमोर उभा राहा आणि ऐक."

जिन्याच्या वरच्या पायरीवर मी फोन लावला. तो एक पायरी खाली थांबला.

"आई, नाही म्हण त्यांना... नाही, मुलगा वाईट नसेल. पण त्याने सगळ्यांना विचारलं, एका मला सोडून. मला असं नको आहे... सासूबरोबर मला खरंच राहायचं नाही, आई. सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत झोपायचं आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही, एका मुलाला सांगितलं. स्टेशनवर. मी त्याला वाईट वाटावी म्हणून सांगितलं, आणि तो हसला... हो, रडतेय मी. कोण म्हणजे? श्रीरंग. सांगलीचा... नाही गं, त्याने विचारलं नाहीये काही. आता विचारणारही नाही बहुतेक."

आईने त्यातलं 'सांगलीचा' तेवढंच पकडलं. मग एकदम म्हणाली, "सांगलीला आपल्या विनयमामाची मेव्हणी असते. थांब, मी चौकशी—"

"आई, नको! कोणाला काही विचारू नकोस!"

मी फोन बंद केला. नाक पुसलं. श्रीरंग अजून एक पायरी खालीच होता, त्यामुळे आमचे डोळे बरोबर समोरासमोर आले होते.

"भांडी फेकतेस, ते?" त्याने हळूच विचारलं.

"एकदा फेकलं होतं. पातेलं. ज्ञानदाच्या अंगावर नाही, भिंतीवर."

"म्हणजे तेवढं खरं." खळी दिसली, थोडीशी. मग तीही गेली. "नीलांबरी, माझी फेलोशिप तेवढी आहे, नोकरीचा पत्ता नाही. घरचे कसे आहेत, मी कसा आहे, तुला काही माहीत नाही. कोणाकडून तरी विचारून घे हवं तर. मी थांबतो. पण मला तू आवडतेस... पिझ्झा जाळणारी, पोळ्या लाटणारी, जी कोण असशील ती. लग्न करशील माझ्याशी?"

खालून गाडीचा आवाज यायला लागला. सांगलीत कुठे राहतो, वडील काय करतात, बहिणी किती, स्वभाव कसा... माझ्याकडे विचारण्यासारखं खूप होतं.

मी एक पायरी खाली उतरले.

"हो," मी म्हणाले.