आधी पाखरांचं पाणी

डोल्कर शेळ्या घेऊन झऱ्यावरच्या वळणाशी आली आणि जागीच थबकली. खालून तिच्या वडिलांची शीळ ऐकू आली होती. दोन लांब, एक आखूड. वडिलांना जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्यानंतर ती या झऱ्यावर आज पहिल्यांदाच येत होती.

कळपातल्या जुन्या शेळ्यांना कसलीच शंका आली नाही. त्या पाण्याकडे धावत सुटल्या आणि बाकीच्या त्यांच्यामागे.

झऱ्याकाठी पुण्याहून आलेल्या पक्षीशास्त्रज्ञ इरावती बोडस यांचा तंबू होता. लडाखच्या या ओसाड पठारावर त्यांचा हा तिसरा उन्हाळा.

"मॅडम," डोल्करला धाप लागली होती, "माझ्या आबा-लेंचा आवाज तुम्ही कुठून आणलात?"

"आबा-ले म्हणजे तुमचे वडील ना, आचे-ले?" इथल्या रीतीने ताई म्हणत इरावतींनी विचारलं. त्यांना काही कळेना. "इथे तर कुणीच नाही."

तेवढ्यात समोरच्या खडकावरचा गुलाबी पंखांचा, जाड चोचीचा पक्षी गायला आणि गाणं संपताच त्याने तीच शीळ घातली. डोल्करने त्याच्याकडे बोट दाखवलं.

तो खडकफिंच होता. या प्रजातीत जगभरात दोनच जाती, दोन्ही कोरड्या मुलखातल्या. सुक्या बियांवर जगणाऱ्या या पाखरांना रोज पाण्यावर यावंच लागतं. झरे आटले तशी ती संपत आली. उरलेली अंडी इरावतींनी यंत्रात उबवली. पण पिल्लांना गाणं शिकवायला बाप नव्हते. म्हणून त्यांनी 'गानगुरू' बनवला. याच झऱ्यावरची वीस वर्षांपूर्वीची ध्वनिमुद्रणं ऐकून हे यंत्र गाणं शिकलं आणि पिल्लांना शिकवू लागलं. मोठे करून मोकळे सोडलेले सहा नर गायला लागले, तेव्हा इरावती आनंदाने रडल्या होत्या. दोन वर्षं झाली, त्यांच्याजवळ एकही मादी फिरकली नव्हती. का, ते उमगत नव्हतं.

"आबा-ले शेळ्यांना वर थोपवून धरायचे," डोल्कर म्हणाली. "आधी पाखरांचं पाणी. ती पिऊन झाली, की खडकावर बसून गायची. मग आबा-ले शीळ घालायचे आणि शेळ्या खाली उतरायच्या. रोज."

इरावतींनी कपाळावर हात मारला. प्रत्येक ध्वनिमुद्रणात गाण्यापाठोपाठ शीळ होती. यंत्राने ती गाण्याचंच शेपूट मानली, आणि त्यांनीही. म्हणूनच माद्यांना हे गाणं आपलं वाटलं नव्हतं.

"नवी नऊ पिल्लं आहेत, यंदा मिळालेल्या शेवटच्या अंड्यांतली," त्या हळूच म्हणाल्या. "ती शिकतात ते पहिल्या काही आठवड्यांतच. शीळ आजच काढली नाही, तर यांच्याकडेही माद्या येणार नाहीत. मग ही जात इथून गेलीच म्हणायची."

"आणि काढली तर?"

"हे सहा नर मरेपर्यंत शीळ घालतील. तीनचार वर्षं फार तर. पुढे कोणी नाही. मूळ ध्वनिमुद्रण मात्र तुम्हाला देईन."

"डबीतला आवाज." डोल्कर हसली नाही. तिने खडकाकडे पाहिलं. मग ओढणीने डोळे पुसून म्हणाली, "काढा. आबा-लेंनी पाखरांच्या आधी कधी घोटभर पाणी घेतलं नाही. मग आता पाखरांची जागा ते कशी घेतील?"

इरावतींनी गानगुरूमधून शीळ पुसली. शेजारच्या पिंजऱ्यात नऊ पिल्लं माना तिरक्या करून नवं गाणं ऐकत होती. नवं म्हणजे खरं तर फार जुनं.

दुसऱ्या सकाळी डोल्करने शेळ्या वरच थोपवल्या. पाखरं पाणी प्यायली. खडकावरचा नर आज गायला नाही. शेळ्या कान टवकारून उभ्या होत्या. डोल्करने आजवर कधी शीळ घातली नव्हती, वडील असताना वेळच आली नव्हती आणि नंतर ती इथे आलीच नव्हती. तिने ओठ ओले केले. पहिल्यांदा नुसतीच हवा निघाली. दुसऱ्यांदा दोन लांब, एक आखूड.

खडकावरून लगेच उत्तर आलं, अगदी आबा-लेंच्या आवाजात. शेळ्या उतरू लागल्या.

डोल्कर इरावतींकडे वळली. "मॅडम, हा गेल्यावर मी शीळ घातली, तर ती ऐकून शिकणारं, असं उत्तर देणारं एखादं पाखरू असेल का?"